धामापूरचें तळें

मालवणास जाणारा प्रवासी सिंधुदुर्ग किल्ला पाहिल्यावांचून परतत नाहीं, व त्यानें तसें परतूंहि नये. इ. स. १६६४ च्या नोव्हेंबरांत शिवछत्रपतींनीं कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला तो जलदुर्ग, त्यांतील शिवराजेश्वराचें देऊळ, आणि चहूंकडे खारें पाणी असतांना आंत गोडें पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव ह्या तीन विहिरी, ह्यांचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं अनेक वेळां वाचलीं असतील. त्या विहिरींत डोकावतांना प्रत्येकास आश्चर्य वाटतें. परंतु किल्ला पाहून मालवणच्या खाणावळींत पाटावर बसल्यावर समोरच्या तांब्यांतलें पाणी कोठून आलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. गेल्या पौषांत आम्ही सहकुटुंब मालवणास गेलों असतां आमच्या धाकट्या नातवानें तें विचारलें. वाढणाऱ्या बाई सहज म्हणाल्या, "धामापूरच्या तळ्याचा पाणी, बाबू."

एवढ्या उत्तरानें आमचा दुसऱ्या दिवसाचा बेत ठरला. कारण त्या तळ्याशीं आमचा जुना परिचय होता, आणि त्या परिचयांत आमची एक चूकहि होती. तिची हकीकत पुढें ओघानें येईलच.

मालवणाहून कुडाळाकडे जाणारा रस्ता चौके गांवावरून धामापुरास येतो, आणि पुढें काळसे गांवांतून नेरूरपारच्या पुलाकडे उतरून कर्ली नदी ओलांडतो. रस्त्याच्या दोहों बाजूंस जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्या आड काजू व आंबा, आणि सखल जागीं माड व पोफळी. घाटावरील वाचकांस येथें गांव कोठें आहे असा प्रश्न पडेल. कारण वेशीच्या आंत एकवटलेलीं घरें, मधोमध चावडी व पार, असें देशावरच्या गांवाचें रूप कोंकणांत नसतें. येथें गांव वाड्यावाड्यांनीं पसरलेला असतो. एका घरांतून दुसरें घर दिसेलच असें नाहीं. दिसतो तो झाडांतून वर येणारा चुलीचा धूर. अशा विखुरलेल्या गांवास एकत्र बांधणाऱ्या गोष्टी दोनच : ग्रामदैवताचें देऊळ आणि पाणी. धामापुरांत ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींस लागून आहेत. श्रीभगवतीचें कौलारू देऊळ तळ्याच्या अगदीं कांठीं असून त्याच्या पायऱ्या पाण्याकडे उतरतात.

आम्ही पोंचलों तेव्हां सकाळचे आठ वाजले असतील. तिन्ही बाजूंस दाट झाडीचे डोंगर, आणि त्यांच्या मधोमध, अजून धुकें पुरतें विरलें नाहीं असें, निश्चल पाणी. देवळांत घंटा वाजली तेवढ्यानें पलीकडच्या कांठावरचा एक पाणकावळा उडाला. मुलें जन्मतः बडबडीं. पण तींहि कांहीं वेळ गप्प झालीं.

हें तळें निसर्गानें दिलेलें नाहीं, मनुष्यांनीं केलेलें आहे, हें प्रथमदर्शनीं कोणाच्या लक्षांत येत नाहीं. विजयनगरच्या राज्याचा मांडलिक नागेश देसाई ह्यानें ग्रामस्थांच्या साहाय्यानें इ. स. १५३० मध्यें तें बांधविलें. काळ ध्यानांत यावा म्हणून सांगावयाचें तर विजयनगरचा सम्राट् कृष्णदेवराय त्याच्या आदल्याच वर्षीं निवर्तला होता. त्याच सालीं फिरंग्यांनीं आपली पूर्वेकडील राजधानी कोचीहून गोव्यास आणली. आणि त्याच सालाच्या अखेरीस आग्र्यास बाबर मरण पावला. सिंधुदुर्गाचा पहिला दगड बसण्यास अद्याप एकशें चौतीस वर्षें अवकाश होता. ज्यांच्या नांवांनीं इतिहासाचीं पानें भरलीं आहेत त्यांचीं राज्यें गेलीं. पण ज्याच्याविषयीं नांवापलीकडे फारसें कांहीं कोणी सांगत नाहीं, त्या देसायाचा बांध अजून पाणी अडवीत आहे.

बांधाची युक्ति पाहण्यास सोपी आणि साधण्यास अवघड आहे. दोन डोंगरांमधील खिंडीसारखी जागा निवडून तीमध्यें मातीचा बांध घातला, आणि डोंगरांतून उतरणारे झरे व पावसाचें पाणी त्यामागें कोंडून धरलें. डोंगरांनींच दोन भिंती दिल्या. मनुष्यानें तिसरी तेवढी घातली. जागा निवडण्यांत ज्यानें डोकें खर्चिलें त्याचे हात थोडक्यांत सुटले.

ज्या जिल्ह्यांत वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो तेथें तळें कशास हवें, असें कोणी म्हणेल. पण हा सारा पाऊस ज्येष्ठापासून आश्विनापर्यंतच्या चार महिन्यांत कोसळून जातो. खालीं भूमि जांभ्याची. हा दगड खाणींतून काढतांना कुऱ्हाडीनें तासावा इतका मऊ, व वाऱ्यावर राहून कठीण होणारा. इ. स. १८०७ मध्यें बुकॅनन नांवाच्या स्कॉटिश प्रवाशानें मलबारांत तो विटांसारखा वापरीत असलेला पाहून विटेच्या लॅटिन नांवावरून त्यास लॅटेराइट हें नांव दिलें. घरें बांधण्यास तो उत्तम, पण पाणी धरून ठेवण्यास निरुपयोगी. कारण तो अंगभर छिद्रांचा. त्यांतून मुरलेलें पाणी उतारानें खाडीस मिळतें, आणि खाडी भरतीच्या वेळीं समुद्राचें खारें पाणी आंत घेऊन येते. म्हणजे श्रावणांत ज्या गांवाच्या अंगणांत पाणी वाहतें, त्याच गांवाच्या विहिरी वैशाखांत तळ दाखवितात, आणि शेजारीं खाडी तुडुंब असूनहि तींतील एक ओंजळ तोंडांत घेण्याजोगी नसते. कोंकणचें दारिद्र्य पावसाच्या कमतरतेचें नसून पावसास थांबवितां न येण्याचें आहे, हें ज्यास प्रथम समजलें त्यानें हा बांध घातला.

ह्या पाण्यावर धामापूर आणि काळसे ह्या दोन गांवांची शेती व बागायत उभी आहे. पावसाळी भात कापून झाल्यावर दुसरें पीक काढतात त्यास इकडे वायंगण म्हणतात. पाटाचें पाणी असेल तेथेंच वायंगण होतें. नसेल तेथें कातळासारखीच शेतेंहि मृग लागेपर्यंत तापत पडतात. म्हणून कोंकणी शेतकऱ्याच्या घरीं वायंगण होतें किंवा नाहीं ह्यावरून त्याची स्थिति ओळखावी. पोफळीस तर उन्हाळ्यांत पाणी चुकलें कीं कित्येक वर्षांची मेहनत फुकट जाते. ह्याशिवाय मालवण शहराच्या नळांसहि येथूनच पाणी जातें. म्हणजे किल्ला पाहावयास आलेला प्रवासी नकळत नागेश देसायाचा पाहुणा होऊन जातो.

येथें संस्कृताच्या अभ्यासकास एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. आंध्रांत कडप्पा जिल्ह्यांत पोरुमामिळ्ळ नांवाचें एक मोठें तळें आहे. बुक्करायाचा पुत्र भास्कर ऊर्फ भवदूर ह्यानें तें बांधवून शके १२९१, म्हणजे इ. स. १३६९ मध्यें, त्याचा शिलालेख संस्कृत श्लोकांत कोरविला. हा लेख वाचून 'एपिग्राफिया इंडिका'मध्यें प्रसिद्ध करण्याचें काम डॉ. विष्णु सीताराम सुकठणकर ह्यांनीं केलें. तेच पुढें पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादक झाले. रोज एक हजार मजूर राबून व दगडांसाठीं शंभर गाड्या लागून दोन वर्षांत तें तळें पुरें झालें, असें त्यांत सांगितलें आहे. पण त्याहून मोलाची गोष्ट ही कीं, चांगल्या तळ्याचीं बारा अंगें व सहा दोष त्या लेखांत मोजून दिले आहेत.

बारा अंगांचा सारांश असा : धर्मनिष्ठ व संपन्न राजा, जलशास्त्र जाणणारा ब्राह्मण, चिवट मातीची भूमि, गोड्या पाण्याचा ओघ, तळ्यास टेकलेला डोंगर, त्याच्या दोन अंगांमधील, फार लांब नसलेला परंतु भक्कम असा बांध, खोल व विस्तीर्ण पोट, सरळ व लांब दगडांची खाण, खालीं सुपीक, सपाट शेतें, कामांत निष्णात अशी माणसें, आणि ह्याच तऱ्हेचीं उरलेलीं. दोष सहा : बांधांतून पाणी झिरपणें, जमीन खारी असणें, दोन राज्यांच्या सीमेवर तळें येणें, मध्यें कांसवाच्या पाठीसारखा उंचवटा असणें, पाणी थोडें व भिजवावयाची जमीन फार असणें, आणि जमीन थोडी व पाणी फार असणें. साडेसहाशें वर्षांपूर्वींच्या ह्या यादींत केवळ मातीदगडांचा विचार नाहीं. दोन राज्यांच्या भांडणांत तळें कसें मरतें ह्याचाहि विचार आहे. पायऱ्यांवर बसून आम्हीं नातवंडांकडून धामापूरच्या तळ्याचीं अंगें मोजवून घेतलीं. डोंगर आहे, आखूड बांध आहे, खोल पोट आहे, गोडें पाणी आहे, खालीं शेतें आहेत. थोरली नात म्हणाली, "आजोबा, ह्या देसायांनीं तो शिलालेख वाचला होता का?" आम्हीं सांगितलें कीं, न वाचतांहि जाणणारे लोक ह्या देशांत पुष्कळ होऊन गेले आहेत.

योगायोग असा कीं, आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानें इ. स. २०२० मध्यें जागतिक वारसा म्हणून ज्या जुन्या सिंचनकामांस मान्यता दिली, त्यांत पोरुमामिळ्ळचें तळें व धामापूरचें तळें हीं दोन्ही एकाच यादींत आलीं. विजयनगरच्या छत्राखालीं दीडशें-पावणेदोनशें वर्षांच्या अंतरानें झालेलीं हीं दोन भावंडें अशीं पुन्हां एके ठिकाणीं भेटलीं. एकापाशीं पाषाणावर कोरलेला लेख आहे. दुसऱ्यापाशीं काय आहे? तर एक गोष्ट आहे. आणि आमची चूक ह्या गोष्टीविषयींचीच आहे.

गोष्ट गांवांत सर्वांस ठाऊक आहे. पूर्वीं कोणाच्या घरीं लग्नकार्य निघालें आणि मुलीच्या अंगावर घालण्यास दागिने नसले, तर त्यानें हव्या त्या दागिन्यांच्या आकाराचे फुलांचे दागिने करून परडींत घालावे, ती परडी तळ्याच्या पाण्यांत सोडावी व देवीस सांकडें घालावें. परडी बुडे आणि वर येई तेव्हां तींत सोन्याचे दागिने असत. कार्य आटोपलें कीं ते जसेच्या तसे तळ्यास परत करावयाचे. पुढें एकदां कोणा लोभी माणसानें ते परत केले नाहींत, आणि तेव्हांपासून तळें कोणासच दागिने देईनासें झालें.

पस्तीस-एक वर्षांपूर्वीं आम्ही शाळेच्या मुलांची सहल घेऊन येथें आलों होतों. कोणा ग्रामस्थानें मुलांस ही गोष्ट सांगितली. तेव्हां सातवींतल्या एका मुलीनें उभें राहून विचारलें, "गुरुजी, एकानें परत केले नाहींत तर सगळ्यांचे कां बंद झाले?" आम्ही त्या काळीं तरुण होतों व मुलांस शास्त्रीय दृष्टि देण्याची आम्हांस मोठी हौस होती. आम्हीं म्हटलें, "तळें म्हणजे काय सराफाची पेढी आहे? असल्या भाकडकथा ऐकूं नयेत." मुलें खो खो हंसलीं. ती मुलगी खालीं बसली व परतीच्या वाटेवर कोणाशीं बोलली नाहीं. आम्हीं त्या कथेचें खोटेपण सिद्ध केलें, पण विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं. आणि तो प्रश्न खोटा नव्हता. तशा कथा महाराष्ट्रांत अनेक तळ्यांच्या व डोहांच्या सांगतात. कोठें दागिने, कोठें जेवणावळीचीं भांडीं. इतक्या ठिकाणच्या लोकांनीं एकच गोष्ट उगीच सांभाळून ठेविली नसेल, एवढेंहि त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

वास्तविक तें उत्तर आमच्या घरांतच होतें. आम्ही लहान असतांना आमच्या थोरल्या ताईचें लग्न ठरलें. घरांत आईच्या मंगळसूत्राखेरीज सोनें नव्हतें. आळींतल्या एका काकूंनीं आपली नथ व मोहनमाळ ताईच्या अंगावर घालण्यास दिली. लग्न झालें, वरात गेली, आणि घरांत पाहुण्यांची निजानीज व्हावयाच्या आधींच आई डबी पदराखालीं घेऊन निघाली. वडील म्हणाले, "अगं, दिवसभर उभी आहेस. उद्यां सकाळीं दे." आई म्हणाली, "आज रात्रीं आपल्याकडे राहिली तर उद्यां काकू दुसऱ्या कोणास देतांना विचार करतील. पुढच्या घरीं मुलगी आहे." आणि ती कंदील घेऊन गेली. एकत्र कुटुंबांत व जुन्या आळींत वाढलेल्या आमच्या वाचकांस असे प्रसंग नवे नाहींत. मागून आणलेल्या वस्तूवर आपल्यामागून मागणाऱ्याचा हक्क असतो. ती अडवून ठेवणारा देणाऱ्याचें नव्हे, पुढच्या मागणाऱ्याचें बुडवितो. एकानें परत केलें नाहीं तर सगळ्यांचें कां बंद होतें, ह्याचें उत्तर आई कंदील घेऊन चालत गेली त्या वाटेवर होतें. तळ्याचें पाणीहि ह्याच रीतीचें. वरच्या शेतकऱ्यानें मोरी आपल्यापुरती अधिक उघडी ठेविली, तर दोष वरच्या शेतांत दिसत नाहीं; खालच्याची पोफळ वाळते.

धर्मशास्त्रकारांनीं यज्ञयागांस इष्ट म्हटलें, आणि विहिरी, तळीं, देवालयें, बागा ह्यांस पूर्त म्हटलें. तळें बांधणाऱ्यानें तें विधिपूर्वक सर्व प्राणिमात्रांस अर्पण करावयाचें असतें; त्यास उत्सर्ग म्हणतात. भारतरत्न महामहोपाध्याय काणे ह्यांनीं धर्मशास्त्राच्या आपल्या इतिहासांत ह्या विधीचा सविस्तर विचार केला आहे. उत्सर्ग झाल्यावर बांधणाऱ्याची मालकी संपते. इतरांप्रमाणें तोहि त्या पाण्याचा एक उपभोक्ता उरतो. हें आम्हीं ग्रंथांत वाचलें होतें. परंतु त्या दिवशीं देवळापाशीं नारळ सोलीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं विचारलें, "ह्या तळ्याचे आज मालक कोण?" तेव्हां ते हातांतला नारळ खालीं ठेवून म्हणाले, "मास्तरानू, तळ्याक मालक कोण नाय. आमी सगळे राखणदार." मोठमोठ्या निबंधग्रंथांतला उत्सर्गविधि त्यांनीं सात-आठ शब्दांत सांगितला.

त्यांच्या त्या शब्दानें आम्हांस पोरुमामिळ्ळच्या लेखांतली उणीव दिसली. बारा अंगांत राजा आहे, पंडित आहे, कारागीर आहेत, दगड-माती आहे. पण राखणदार नाहीं. तळें बांधून झाल्यावर दर वर्षीं गाळ काढणारा, बांधांत मूळ घालणारें झाड वेळींच उपटणारा, डोंगरावरची झाडी तुटूं न देणारा, आपल्या पाळीचें पाणी घेऊन मोरी पुन्हां बंद करणारा, हें तेरावें अंग. बांध एकदांच बांधावा लागतो, राखावा लागतो तो पांचशें वर्षें. देसायाचें नांव राहिलें तें योग्यच. पण त्या पांचशें वर्षांतल्या राखणदारांचीं नांवें कोणत्याहि यादींत नाहींत.

आज हें तेरावें अंगच दुबळें होत चाललें आहे. घरटीं एक तरी माणूस मुंबईस. कित्येक घरांचीं दारें गणपतींत व शिमग्यांत तेवढीं उघडतात. नळ आल्यापासून शहरांतल्या मनुष्यास पाणी कोठून येतें हें पाहण्याचें कारण उरलें नाहीं, आणि जें पाहिलें नाहीं तें राखावें कसें? जागतिक वारशाचें नांव झाल्यावर पाहुणे वाढले. त्यांच्या मागें राहिलेल्या बाटल्या व पिशव्या आम्हीं कांठावर पाहिल्या. त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पस्तीस वर्षांपूर्वीं आमच्याच सहलीच्या पत्रावळी ह्याच कांठावर राहिल्या होत्या, आणि त्या उचलण्याचें मुलांस सांगावें हें शास्त्रीय दृष्टीच्या ह्या गुरुजींस सुचलें नव्हतें. ह्या खेपेस नातवंडांनीं व आम्हीं मिळून दोन पिशव्या भरल्या. त्यानें फिटलें असें आम्ही म्हणत नाहीं.

जे वाचक मालवणास जातील त्यांनीं किल्ला अवश्य पाहावा. पण एक सकाळ धामापुरासाठीं राखून ठेवावी. देवीचें दर्शन घ्यावें, पायऱ्यांवर घटकाभर मुलांस गप्प बसवावें, बांधावर उभें राहून एका बाजूचें पाणी व दुसऱ्या बाजूचीं हिरवीं शेतें दाखवावीं, आणि दागिन्यांची गोष्ट सांगावी. मुलें प्रश्न विचारतील, तेव्हां घाई करूं नये.

सातवींतली ती मुलगी आज पन्नाशीच्या जवळ आली असेल. तिच्या घरींहि लग्नकार्यें निघण्याचे दिवस आले असतील. हा अंक तिच्या हातीं पडला, तर तिनें समजावें कीं तिचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचें उत्तर द्यावयाचें आमच्याकडे इतकीं वर्षें राहून गेलें होतें.